बन्यासाठी राखलेली जागा

हे प्रकरण पाचवीतल्या एका मुलीचं आहे. घरात तिला बुज्जी म्हणतात. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत कितीतरी लहान मुलींना लाडाने हीच हाक मारतात, त्यामुळे इथे ती वापरली तरी मुलगी ओळखू येणार नाही. मी तिची वर्गशिक्षिका. मराठी शिकवते. जुलै ते फेब्रुवारी जे घडलं ते वहीत टिपून ठेवत होते, त्यावरून हे लिहिलं आहे. त्यातलं सप्टेंबरचं पान माझ्या चुकीचं आहे. ते मी गाळलेलं नाही, कारण बाकीचं सगळं त्यातून निघालं.

मुलगी, बाक आणि कुलूप

आमच्या शाळेच्या खिडक्या उघड्या असल्या की लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, आवाज वर्गात येतो. नव्या बाईंना पहिले आठ दिवस त्याचा त्रास होतो, मग तो बंद पडला तरच लक्षात येतं. वर्गातली बरीच मुलं घरी तेलुगू बोलतात, काही कन्नड, काही दखनी उर्दू, आणि उरलेली मराठी. शाळेत सगळ्यांची भाषा मराठी. बुज्जीचं घर पद्मशाली, काही पिढ्यांपूर्वी तेलंगणातून विणकामासाठी आलेलं. वडील टॉवेलच्या लूमवर. अम्मा आणि अव्वा, म्हणजे आई आणि आजी, घरात विड्या वळतात.

पहिलीपासून तिच्या बाकावर एकच मैत्रीण बसायची. त्याच बोळातली. दोघी मिळून एक डबा उघडायच्या आणि मग दुसरा. जुलैतल्या एका रविवारी बुज्जी मावशीकडे विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, गेली होती. संध्याकाळी परत आली तर मैत्रिणीच्या दाराला कुलूप. वडिलांना भिवंडीत काम मिळालं होतं, दुपारी टेम्पो आला आणि सामान भरून माणसं गेली. सोलापूरची विणकर माणसं भिवंडीला, सुरतेला जाणं इथे कुणाला नवीन नाही. हजेरीपटावरचं एक नाव कमी होतं, दाखला दिला जातो, आणि शाळेचं काम तिथे संपतं. मीही दाखल्यावर शेरा लिहिला आणि पुढच्या धड्याला लागले. बाकाचा अर्धा भाग रिकामा झाला आहे, हे मी पाहिलं होतं. त्याचा विचार केला नव्हता.

ऑगस्टमध्ये बुज्जीने वर्गाच्या कपाटातून भा. रा. भागवतांचं फास्टर फेणेचं एक पुस्तक नेलं. ते परत केलं आणि दुसरं नेलं. मग तिसरं. ज्यांनी लहानपणी तो वाचला नसेल त्यांच्यासाठी सांगते: बनेश फेणे हा फुरसुंगीचा मुलगा, पुण्यात शिकायला आलेला, काटकुळा, सायकलवर फिरणारा. जिथे काही काळंबेरं घडत असेल तिथे तो नेमका पोचतो. काही सुचलं की जिभेने ‘ट्टॉक’ असा आवाज काढतो. दोस्तमंडळी त्याला बन्या म्हणतात. तो ताकदवान नाही, श्रीमंत नाही, आणि त्याला मोठ्या माणसांचा धाक असा फारसा वाटत नाही. भागवत १९१० साली जन्मले, तरी त्यांचा हा पोरगा आमच्या पाचवीत कुणालाही परका वाटत नाही.

गणपतीच्या आसपास मला तीन तक्रारी आल्या. पहिली एका मुलीची: ‘‘बाई, ती हवेशी बोलायलीय.’’ दुसरी गणिताच्या सरांची: उदाहरण सुटलं की ही मुलगी मोठ्याने जीभ वाजवते, वर्ग हसतो. तिसरी शिपाईमामांची, आणि ती तक्रार म्हणण्यापेक्षा काळजी होती: मधल्या सुट्टीत ती बाकावर एकटीच बसते आणि डब्यातली अर्धी कडक भाकरी शेजारी काढून ठेवते.

मी तिला विचारलं, तू दप्तर शेजारी का ठेवत नाहीस? जागा आहे की.

‘‘तिथं बन्या बसतोय.’’

सप्टेंबरचं पान

मी काय केलं ते जसंच्या तसं लिहिते. मी तिच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं. सगळ्या वर्गासमोर. म्हटलं, बन्या कागदावरचा आहे, बाकावर हाडामांसाची मुलगी बसली पाहिजे. आणि समोरच्या बाकावरची एक मुलगी उठवून तिच्याजवळ बसवली. जिने ‘हवेशी बोलायलीय’ म्हणून सांगितलं होतं तिलाच.

मला वाटलं होतं, मी तिला मैत्रीण मिळवून देते आहे.

त्या दिवसापासून बुज्जीने पुस्तक नेणं बंद केलं. जीभ वाजवणंही बंद झालं, तसं गणिताचं उत्तर देणंही. नव्याने बसवलेली मुलगी दोन दिवसांनी कंटाळून आपल्या जागेवर परत गेली. पुढच्या आठवड्यात बुज्जी सलग चार दिवस शाळेत आली नाही.

माझ्या चुकीची मला जी चीड आली तिचं कारण जुनं आहे. मी सोलापूरचीच. माझे वडील ज्या गिरणीत होते ती बंद पडली तेव्हा मी चौथीत होते. घरात सगळे गप्प झाले होते. त्या वर्षी माझ्या सोबतीला गोट्या होता, ना. धों. ताम्हनकरांचा. आईबाप नसलेला पोरगा दुसऱ्यांच्या घरात येतो आणि त्या घराचा होऊन जातो, ही गोष्ट मला त्या वर्षी फार लागत होती. रात्री दिवा मालवला की मी त्याला दिवसभराचं सांगायची. हे मी कुणालाही बोलले नाही. बोलले असते तर कुणीतरी मलाही वर्गासमोर हेच ऐकवलं असतं. आणि मी, जिला हे आतून माहीत होतं, तीच बाई होऊन उभी राहिले तेव्हा विसरले.

घरी

पाचव्या दिवशी शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेले. एक खोली, पुढे पडवी. पडवीत अम्मा, अव्वा आणि शेजारच्या दोन बायका मांडीवर सुपं घेऊन बसल्या होत्या. भिजवलेली पानं, पत्र्याच्या मापावर कातरीने कापलेल्या तुकड्यांचा ढीग, तंबाखूचा वास. सकाळी कारखान्यात माल द्यायचा असतो, त्यामुळे पाहुणा आला म्हणून हात थांबत नाहीत. बुज्जी आत होती. ताप नव्हता. ‘‘शाळेला नको म्हणते,’’ अम्मा म्हणाली. अव्वाने दृष्ट काढून झाली होती.

मी अम्माला बन्याबद्दल विचारलं. भीत भीतच विचारलं, कारण घरच्यांना हे माहीत नसेल आणि माझ्यामुळे पोरीला मार बसेल असं वाटत होतं. बन्या म्हणताच पडवीतल्या चौघी हसल्या. शेजारची म्हणाली, ‘‘टीचर, तो मुलगा आठ दिवस झाले आलाच नाही. विहिरीपाशी सोडलाय त्याला.’’

मला कळेना. मग अम्माने सांगितलं. शाळेतून आली की बुज्जी पडवीत बसून पानं निवडायची आणि निवडता निवडता पुस्तकातली गोष्ट सांगायची. तेलुगूत. यातल्या कुणालाच मराठी वाचता येत नाही. ऑगस्टपासून रोज संध्याकाळी बन्या या पडवीत येत होता. पुस्तकातली गोष्ट संपली की बुज्जी पुढची आपल्या मनाची जोडायची. त्यात बन्या सायकलवरून सोलापूरला आला होता, सिद्धेश्वराच्या तळ्याला फेरी मारून भुईकोट किल्ल्यात शिरला होता, आणि तिथल्या एका विहिरीपाशी त्याला कुणाचा तरी आवाज ऐकू आला होता. तेवढ्यात मी पुस्तक काढून घेतलं. गोष्ट तिथेच थांबली.

‘‘कोण होतं विहिरीत?’’ मी विचारलं.

‘‘आम्हाला काय माहीत? तीच सांगणार ना,’’ अव्वा म्हणाली. तेलुगूत म्हणाली, अम्माने मला मराठीत सांगितलं.

मी वर्गात जिला ‘एकटी’ समजत होते ती घरी चार बायकांना दिवसाकाठी तासभर गुंतवून ठेवत होती. मराठीतलं वाक्य तेलुगूत नेताना ‘वाडा’ला काय म्हणायचं, ‘गुप्तहेर’ला काय, हे तिचं तिने ठरवलं होतं. फुरसुंगी हे गाव तिच्या सांगण्यात सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या पलीकडे कुठेतरी होतं. आम्ही द्विभाषिक मुलांसाठी कार्यशाळा घेतो. त्यात जे जमवायची धडपड असते ते या पडवीत विड्या वळता वळता चाललं होतं.

बुज्जी दारात आली. मी तिला विचारलं, आणि हा प्रश्न मी सप्टेंबरात विचारायला हवा होता: ‘‘बन्या खरा आहे का गं?’’

तिने माझ्याकडे जरा काळजीनेच पाहिलं. ‘‘बाई, तो पुस्तकातला आहे.’’

‘‘मग बाकावर?’’

‘‘बाकावर जागा होती म्हणून.’’

वाचलेलं

त्यानंतर मी वाचायला लागले. अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ मार्जोरी टेलर यांनी मुलांच्या काल्पनिक सोबत्यांवर अनेक वर्षं काम केलं आहे. १९९९ साली त्यांचं यावरचं पुस्तक आलं. २००४ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सात वर्षांपर्यंतच्या आयुष्यात कधी ना कधी असा सोबती असलेली मुलं १०० पैकी ६५ निघाली. त्यात ज्यांच्याशी मूल माणसासारखं वागतं अशा बाहुल्या आणि खेळणीही धरलेली आहेत. बुज्जी त्यांच्याहून मोठी, आणि तिचा सोबती स्वतः रचलेला नाही, पुस्तकातून आणलेला आहे, हा फरक आहेच. पण मला धरून ठेवणारी गोष्ट दुसरी होती. या मुलांना आपला सोबती खोटा-खोटा आहे हे माहीत असतं, आणि बऱ्याचदा मुलंच प्रश्न विचारणाऱ्या मोठ्या माणसाला तसं समजावून सांगतात. दारात उभ्या असलेल्या बुज्जीचा चेहरा मला आठवला.

दुसरी टोकाची चूक होऊ नये म्हणून काही गोष्टी मी जाणूनबुजून तपासल्या. झोप, जेवण ठीक आहे का. हा सोबती तिला घाबरवतो का, कुणाला इजा करायला सांगतो का. तो नको असेल तेव्हा तिला त्याला बाजूला ठेवता येतं का. यातलं काही वावगं दिसलं असतं तर मी घरच्यांना घेऊन डॉक्टरांकडे गेले असते, गोष्टीचं कौतुक करत बसले नसते. तसं काही नव्हतं. बन्या लिहायच्या वेळी गप्प बसायचा आणि चाचणीच्या दिवशी येतच नसे, कारण ‘‘त्याची पण परीक्षा असते.’’

मी पुस्तक परत दिलं. वर्गासमोर काढून घेतलं होतं, म्हणून वर्गासमोरच दिलं आणि माझं चुकलं असं म्हटलं. मुलं थोडी बावरली. बाई चुकलं म्हणतात हे त्यांना नवीन होतं.

‘गड्ड्यावर कोणाला न्याल?’

पण एवढ्याने भागलं नसतं. पुस्तक परत मिळालं तरी वर्गाच्या नजरेत ती हवेशी बोलणारीच होती. म्हणून दिवाळीनंतर मी तिचा प्रश्न सगळ्यांचा केला. दर शुक्रवारी शेवटच्या तासाला एकच विषय: गोष्टीतलं कोण तुम्हाला मित्र म्हणून आवडेल?

पहिल्या शुक्रवारी उत्तरं पोपटपंचीची आली. अमका शूर आहे, तमका हुशार आहे, तो मला मदत करेल. निबंधात लिहितात तसं. मग मी प्रश्न बदलला. हा मित्र तुमच्या घरी आला तर कुठे बसेल? शेंगाची चटणी तिखट लागली तर तोंडावर सांगेल का? तुमचं चुकलं तर बोलेल का? तुम्ही आजारी पडलात तर येईल का? आणि जानेवारीत होम मैदानावरच्या गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, त्याला नेलंत तर काय होईल? या शेवटच्या प्रश्नाने तास उघडला. यात्रा म्हटलं की मुलांना सगळं डोळ्यांसमोर दिसतं. एकजण म्हणाला, बन्या यात्रेतला मानाचा नंदीध्वज उचलायला जाईल आणि बोलणी खाईल. दुसरी म्हणाली, बोलणी आपल्यालाच बसतील, तो तोवर पाळण्यात जाऊन बसलेला असेल. पाळण्यांवर वाद झाला. गर्दीत हात कोण सोडणार नाही यावर जास्त झाला. शूर आणि हुशार ही दोन विशेषणं त्या दिवसानंतर वर्गात फारशी ऐकू आली नाहीत.

कृष्ण-सुदामा कुणीतरी काढले. ते मी यादीबाहेर ठेवले, कारण ती अनेकांच्या घरी श्रद्धेची गोष्ट आहे आणि तिथे ‘तो मित्र म्हणून कसा वागला’ असं तपासणं मला शोभलं नसतं. तेनालीरामावर मात्र छान चर्चा रंगली. तेलुगू घरांतल्या मुलांचा तो हक्काचा माणूस. तो खरा की गोष्टीतला? मी सांगितलं की तेनाली रामकृष्ण नावाचा तेलुगू कवी खरोखर होता, परंपरेने तो विजयनगरच्या कृष्णदेवरायाच्या दरबारातला मानतात, पण त्याच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या गमती लोकांनी नंतर रचत नेल्या. ‘‘म्हणजे अर्धा खरा,’’ एक मुलगा म्हणाला. मग कुणीतरी विचारलं, अर्धा खरा माणूस मित्र होऊ शकतो का? बुज्जी पहिल्यांदा त्या तासाला बोलली. ‘‘अर्धा लागतो. उरलेला आपण घालायचा.’’

मी ते वाक्य फळ्यावर लिहिणार होते. थांबले. शिक्षकाने लगेच फळ्यावर लिहिलं की मुलाचं वाक्य शाळेचं होऊन जातं.

डिसेंबरमध्ये शेरलॉक होम्स निघाला. एका मुलाने मराठीतल्या होम्सकथा वाचल्या होत्या आणि त्याला तोच मित्र हवा होता. मी त्यांना ती प्रसिद्ध हकिकत सांगितली. आर्थर कॉनन डॉईल यांनी डिसेंबर १८९३ मध्ये छापून आलेल्या गोष्टीत होम्सला धबधब्याच्या दरीत मारून टाकलं, वाचक खवळले, आणि दहा वर्षांनी, १९०३ साली, त्यांनी त्याला परत आणलं. तो मेलाच नव्हता. गोष्टीतल्या हिशेबाने तीन वर्षं तो लपून होता. जिवंत असल्याचं त्याने फक्त आपल्या भावाला कळवलं होतं. वॉटसनला नाही. होम्स अचानक समोर उभा राहिला तेव्हा वॉटसन चक्कर येऊन पडला.

मला वाटलं होतं मुलं खूश होतील. होम्स मागणारा मुलगाच उखडला. ‘‘तीन वर्षं? एक चिठ्ठी नाही? भावाला सांगितलं आणि मित्राला नाही?’’ त्याने होम्सला यादीतून काढूनच टाकलं. बरीच मुलं त्याच्या बाजूने झाली. न सांगता गेला तो मित्र कसला, असं एकदोघांनी म्हटलं.

बुज्जी उठून उभी राहिली. आवाज चढला होता. ‘‘त्याच्या मागं माणसं लागली होती. सांगता आलं नसेल त्याला. सगळ्यांनाच सांगता येतं का?’’

वर्गाला ते होम्सचं वाटलं. मला जुलैतलं कुलूप दिसलं. तोपर्यंत मला वाटत होतं की तिला मैत्रीण नसल्याचं दुःख आहे. ते होतंच, पण त्याखाली राग होता: मी मावशीकडे गेले त्याच दिवशी, न सांगता? आणि बन्या तिला का हवा होता तेही मला तेव्हा उमगलं. तो शूर आहे म्हणून किंवा शोध लावतो म्हणून नव्हे. पुस्तक उघडलं की तो तिथेच असतो. कपाटाला कुलूप असलं तरी किल्ली बाईंकडे असते, आणि बाई कुठे भिवंडीला जात नाहीत. त्या किल्लीवर मी सप्टेंबरात काय केलं होतं हे मला त्या तासाला नव्याने लागलं.

पोस्टकार्ड

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ मी दरवर्षी जरा मोठ्या मुलांना वाचून दाखवते. या वर्षी पाचवीला थोडी निवडून वाचली. १९५५ सालची कादंबरी. धनगरांच्या वाडीवर गेलेला तरुण मास्तर, त्याला साथ देणारा आयबू, आणि माणदेशचा कोरडा मुलूख. आपल्या जिल्ह्यातला सांगोल्याकडचा भाग त्याच मुलखाचा, तिकडून आलेली दोन मुलं वर्गात होती, त्यांना मेंढरं, वाघरं (मेंढरं कोंडायची जाळी) हे शब्द सांगावे लागले नाहीत. दखनी बोलणाऱ्या एका मुलाने आयबूला मित्र म्हणून तिथल्या तिथे मागून घेतलं. ‘‘तो मास्तराचा आहे, पण मास्तर मोठा आहे, त्याला चालेल.’’

शेवटी दुष्काळ पडतो. माणसं मेंढरं घेऊन जगायला बाहेर पडतात. वाडी ओस पडते, मास्तरही निघतो. मी वाचून पुस्तक मिटलं. अशा वेळी मी थोडा वेळ काही बोलत नाही, मुलांनाही बोलायला लावत नाही.

बुज्जीने हात वर केला. ‘‘मास्तरांनी सगळ्यांचे पत्ते घेतले होते का?’’

मास्तर काय, मी तरी घेतला होता का? दाखला मी लिहिला होता. त्यावर शेरा मारला होता. भिवंडीतला पत्ता विचारायचं मला सुचलं नव्हतं. शाळा सुटल्यावर मी कार्यालयात जाऊन नोंदी पाहिल्या, जुना फोन नंबर लावला, तो बंद लागला. मग बोळातल्याच एका घरातून, ज्यांचा माणूस भिवंडीत त्याच कारखान्यात होता, दोन दिवसांनी पत्ता मिळाला. शोधला असता तर जुलैतच मिळाला असता.

पोस्टकार्ड तेव्हा पन्नास पैशांना मिळत होतं. मी दोन आणली. एक खराब झालं तर असावं म्हणून. बुज्जीने एकाच कार्डावर बारीक अक्षरांत पानभर मजकूर बसवला. मी वाचला नाही. पत्त्याच्या बाजूलाही थोडी जागा उरली होती तिथे तिने एक सायकल काढली. अशोक चौकाच्या वाटेवरच्या पेटीत आम्ही ते दोघींनी टाकलं. तिने पेटीच्या तोंडात हात घालून ते खाली पडल्याची खात्री केली.

ते दिवस संक्रांतीचे होते. गड्डा भरला होता. सोमवारी मुलं यात्रेच्या गोष्टी घेऊन आली, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या गोष्टीत कुणीतरी पुस्तकातलं सोबत होतं. आयबू हरवला होता आणि सापडला होता. तेनालीरामाने पाळणेवाल्याला दोनदा गंडवलं होतं. सप्टेंबरात जिने तक्रार केली होती ती मुलगी मधल्या सुट्टीत बुज्जीच्या बाकापाशी डबा घेऊन उभी राहिली. मी दारात होते, ऐकत होते.

‘‘बन्याला जरा सरकायला सांग की.’’

बुज्जीने तिच्याकडे पाहिलं, मग डब्याकडे. ‘‘तो सायकल लावायला गेलाय. बस.’’

तेव्हापासून ती तिथे बसते. बन्या गेलेला नाही, मधूनमधून येतो, पण आता दोघींच्या गोष्टीत असतो. गणिताच्या तासाला ‘ट्टॉक’ दोन आवाजांत ऐकू येतो. सरांशी मी बोलले, उत्तर बरोबर असेल तर चालेल असं ठरलं. पडवीतल्या गोष्टीतल्या विहिरीत कोण होतं ते मी अव्वाला विचारलं. विहिरीत बोलका पोपट होता म्हणे, आणि ते ऐकून शेजारच्या बाईंची फार निराशा झाली. त्यांना चोर हवा होता.

सगळं असं जुळून आलं असंही नाही. बुज्जीचं मराठी लेखन अजून कच्चं आहे, तोंडी जे सांगते त्याचा चौथा हिस्सा कागदावर उतरत नाही. आणि भिवंडीकडून काही येत नव्हतं. एक आठवडा, दोन, तीन. पोस्टमन शाळेत आला की ती खिडकीतून बघायची. मी तिला काही समजवायला गेले नाही. न येणाऱ्या पत्राबद्दल काय बोलावं हे मलाही माहीत नव्हतं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कार्ड आलं. शाळेच्या पत्त्यावर, बुज्जीच्या नावाने, वर मोठ्या अक्षरात ‘पाचवी’. तिने ते माझ्या टेबलाशी येऊन वाचलं, मग मला दिलं. मागे चार ओळी होत्या. आम्ही बरे आहोत. इथे शाळा मोठी आहे. त्या दिवशी मी तुमच्या घरी दोनदा येऊन गेले, तू नव्हतीस. आणि खाली, वेगळ्या शाईत: बन्या कोण?

बुज्जी बराच वेळ तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून उभी होती. मग तिने चौथी वाचली आणि जीभ वाजवली.

‘‘बाई, अजून कार्डं आहेत?’’

माझ्याकडे एकच होतं. जानेवारीतलं उरलेलं. तिने ते उलटसुलट करून पाहिलं, एवढ्याशा जागेत फुरसुंगीपासून सुरू करायचं म्हणजे काय होईल याचा अंदाज घेतला असावा, आणि म्हणाली, ‘‘चार लागतील. पहिल्या भागालाच.’’